नानांची गळती

सकाळी सातला सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरू नये. ते नानांचे असतात. नानांची मारुती 800 रोज पाणी पिते आणि कुठूनतरी गाळते. ते 'कुठून' शोधणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग आहे. कंपनीने ही गाडी 2014 साली बंद केली. नानांनी अजून केलेली नाही.

पद्धत शास्त्रशुद्ध. रात्री इंजिनाखाली जुन्या कॅलेंडरचं पान कोरी बाजू वर करून अंथरायचं. सकाळी प्रत्येक डागाभोवती बॉलपेनने गोल आणि शेजारी तारीख. मग डागातलं बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचं. "बघा, बुळबुळीत लागतंय, वास गोडसर. म्हणजे कूलंट. नुसतं पाणी असतं, तर एसीचं म्हणून सोडून दिलं असतं." लगेच बोट पुसत बजावतात, "चाटायचं नाही हां! गोड असलं तरी विष आहे. कुत्र्यांच्या तर जिवावर बेततं." चाटण्याचा विचार आपल्या मनाला शिवलेलाही नसतो.

मग संशयितांची हजेरी. रेडिएटरचं झाकण: "आतला रबरी वॉशर कडक झाला की प्रेशर धरत नाही, आणि प्रेशर नसलं की पाणी लवकर उकळतं." होसपाइप: क्लिपपाशी फुगलाय का, ते दाबून बघायचं. हीटर: पुढच्या सीटसमोरचं कार्पेट उचलून हुंगायचं. त्यासाठी काकूंना भर रस्त्यात गाडीतून उतरावं लागतं. हेड गॅस्केटचं नाव मात्र नाना घरातल्या मोठ्या दुखण्यासारखं दबक्या आवाजात घेतात. "ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चिकटा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. तेवढी देवाची कृपा!"

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, यावर ते फार कडक. खंबाटकी घाटात कुणी बोनेट उघडून झाकणाला हात घालताना दिसला, की नाना गाडी बाजूला घेऊन ओरडतात. आपल्याही गाडीचा काटा तोवर वर चढलेला असतो, त्यामुळे थांबणं सोयीचंच पडतं.

उपाय सुचवणारा माणूस नानांना खपत नाही. वॉचमन एकदा म्हणाला, "नाना, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक बुजतं." नाना कडाडले, "बुजतं ना! भोकाबरोबर आतल्या बारीक नळ्याही बुजतात. गाडी चालवायचीय की कालवण करायचंय?" झाकणाच्या जागी हातपंप बसवून हवा भरली की गळती आपोआप दिसते, हे त्यांना माहीत आहे. पण त्याचं त्यांना वावडं. "पंपाने काय, कुणीही सांगेल!"

शेवटी काकूंनीच परस्पर मेकॅनिकला बोलावलं. कोवळ्या पोराने थंड इंजिनावर तोच पंप लावला, हवा भरली. पंपावरचा प्रेशरचा काटा खाली सरकू लागला. त्याने टॉर्च मारला: वॉटर पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून थेंब ओघळत होता. "सील गेलंय, नाना. पंपच बदलावा लागेल." नाना कॅलेंडरची पानं गुंडाळून मुकाट्याने वर गेले. पंप बदलला. काकू सुटल्या.

थोड्याच दिवसांत सकाळी सातला आमची बेल वाजली. दारात नाना, हातात नवं कोरं पान आणि त्यावर एकच हिरवट डाग. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"होसपाइप! अहो, पंप गळत होता तोवर प्रेशर धरतच नव्हतं, म्हणून ही जुनी मंडळी निभावून नेत होती. आता प्रेशर पुरतं भरायला लागलं, आणि जो कच्चा होता तो फुटला. मी म्हणत नव्हतो, हे एकट्या-दुकट्याचं काम नाही?"

"मग बोलवायचं का त्या मेकॅनिकला?"

"एवढी घाई कसली?" नाना दुखावल्या स्वरात म्हणाले. "वरचा होस की खालचा, एवढं निदान तरी होऊ द्या!"