हाफ क्लचमधली थरथर

नाशिकच्या द्वारकेला गाडी चालवत नाहीत, सरकवतात. आग्रा रोडला पुणे रोड इथे येऊन मिळतो आणि दोन्हीकडची वाहनं एकमेकांना आधी जाऊ न देण्याच्या निश्चयाने समोरासमोर उभी ठाकतात. २०१३ साली उड्डाणपूल झाला, तेव्हापासून मुंबईहून थेट धुळ्याकडे निघालेली मंडळी आपल्या डोक्यावरून निघून जातात. खाली उरतो आपण : रिक्षा, सिटीबस, कांद्याच्या गोण्यांनी वाकलेली पिकअप आणि पादचारी. या पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधलेला आहे, पण त्याच्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. अशा ठिकाणी डावा पाय क्लचवर धड दाबलेलाही नसतो आणि धड सोडलेलाही नसतो. नेमकी तिथेच आमच्या दाजींची जीप थरथरते.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०. तिचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन मूळ फ्रान्सच्या प्यूजोचं, पण तयार व्हायचं इगतपुरीला. त्यामुळे दाजी तिला नाशिक जिल्ह्याचीच रहिवासी धरतात आणि तिच्याविषयी कुणी काही बोललं की जिल्ह्याचा अपमान झाल्यासारखे उखडतात. एकदा धावायला लागली की ती झकास धावते, हे मीही कबूल करतो. अडचण निघण्याची आहे. पहिला गिअर टाकून क्लच सोडायला लागलं की आधी डॅशबोर्ड खडखडतो, मग आरसा हलायला लागतो आणि त्यात मागची एक सिटीबस तीन-चार दिसायला लागते. रिव्हर्सला तर याहून जास्त. क्लच पुरता सुटला की मात्र सगळं शांत.

गाडी थरथरते म्हटल्यावर निदान करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. सोसायटीतल्या प्रत्येकाने, ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे त्यांनीसुद्धा, एकच निकाल दिला : ‘क्लच प्लेट गेली.’ पण प्लेट झिजली की क्लच घसरतो. म्हणजे चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही आणि जळका वास येतो. याची परीक्षा सोपी असते. हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि हळूहळू क्लच सोडायचा. इंजिन गचका देऊन बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. दाजींचं इंजिन असं बंद पडलं की गॅरेजच्या दारातला चहावाला दचकला.

थरथर हे प्रकरण निराळं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबली जाते आणि पूर्ण दाबली जाईपर्यंत थोडी घसरत राहते. हे घसरणं एकसारखं असेल तर गाडी लोण्यासारखी सुटते. पण प्लेटवरच्या फेसिंगला तेल लागलं असेल किंवा ते तापून काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तर प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा चालतं. फळ्यावर खडू सरळ धरून ओढला की जी किंकाळी निघते, तिचंही शास्त्र हेच. शिवाय प्लेट ठणठणीत असूनही इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं ते सैल झालं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजले किंवा स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले, तरी क्लचच्या पहिल्या ओढीला सगळा सांगाडा नाचायला लागतो. या दुसऱ्या जातीच्या कारणांना समाजात मान नाही, कारण ती स्वस्त असतात.

दाजींना महागाचं कारण हवं होतं. साडूच्या मुलाच्या लग्नात त्यांनी ‘गिअरबॉक्स उतरवायचाय’ असं जाहीर करून टाकलं होतं.

‘मिस्त्री, कधी उतरवायचा गिअरबॉक्स?’ त्यांनी गॅरेजात शिरताशिरताच विचारलं.

‘उतरवू की, दाजी. तो कुठे पळून चाललाय? आधी बघू तरी.’ मिस्त्रीही त्यांना दाजीच म्हणतात. अर्धी द्वारका म्हणते.

मिस्त्री गोणपाट टाकून जीपखाली सरकले. क्लच झाकणाऱ्या बेल हाउसिंगच्या तळाशी एक छोटं भोक असतं. आत कुठलंही तेल गळायला लागलं की ते तिथून बाहेर येऊन चुगली करतं. त्यांनी तिथला थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला आणि बोट सरळ दाजींच्या नाकापुढे धरलं. गिअरबॉक्समधल्या नव्वद नंबरच्या ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. तो आला असता तर गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलेलं असतं. हा थेंब काळा होता. डिझेलच्या काजळीने इंजिन ऑइल असं काळं होतं, म्हणजे पाझर क्रँकच्या मागच्या सीलचा. पण होता किती? बोटभर. ‘हे वय झाल्याचं आहे,’ मिस्त्री म्हणाले. ‘एवढ्यासाठी पोट फाडायचं नाही.’

मग त्यांनी पोऱ्याला सीटवर बसवलं. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून त्याने क्लच केसभर सोडला आणि लगेच दाबला. आम्ही दोघं बॉनेटखाली वाकलो होतो. इंजिन एका बाजूने उचललं गेलं आणि रबर आणि ब्रॅकेटमध्ये फट पडली. पुढच्या वेळी मिस्त्रींनी त्या फटीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक सारून दाखवलं. रबराला भेगा पडल्या होत्या आणि एका कडेला ते तेल पिऊन फुगलं होतं. दाजी तिकडे अशा नजरेने पाहत होते की जणू एवढ्या मोठ्या घराण्यात हे एवढंसं रबर आलंच कुठून.

गिअरबॉक्स न उतरवण्यात तोटा काहीच नव्हता असंही नाही. तो उतरला असता तर फ्लायव्हीलचा चेहरा बघायला मिळाला असता. फार तापलेल्या फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. ते लेथवर साफ न करता नवीन क्लच सेट बसवला, तर पैसेही जातात आणि थरथरही राहते, आणि मग माणूस सुटे भाग विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. हे डाग बहुतेक आपलेच उपद्व्याप असतात. दाजी त्र्यंबककडच्या दगडी चढावर गाडी हाय रेंजमध्ये हाफ क्लचवर तोलून धरतात. शेजारी छोटा लिव्हर आहे, तो ओढून फोर-लो टाकला तर क्लचला निम्मेसुद्धा कष्ट पडत नाहीत आणि गाडी न थरथरता निघते, हे मिस्त्रींनी त्यांना कैकदा सांगितलं आहे. ‘लो कशाला? गाडीत दम आहे,’ असं त्यावर दाजींचं म्हणणं. त्यांच्या मते लो हा म्हाताऱ्या माणसांचा गिअर आहे.

माउंटिंगची जोडी बदलली आणि आरशातली सिटीबस एकच दिसायला लागली. दाजींना मात्र आनंद होईना. ‘रबर बदललं’ या वाक्याला लग्नकार्यात कोण विचारतो? मुख्य म्हणजे बिल इतकं किरकोळ आलं, की ताईनेही ते वाचून बाजूला ठेवलं, भांडलीसुद्धा नाही.

एक बारीक थरथर तेवढी उरली. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली किंवा रात्रभर ती उघड्यावर भिजली, की बेल हाउसिंगमध्ये ओल शिरते, फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार वेळा क्लच सोडताना गाडी शहारते. प्लेट घासली की तो पापुद्रा आपोआप जातो. काहीही खोलावं लागत नाही. मिस्त्रींनी तसं स्पष्ट सांगितलं. दाजींनी तेवढं धरून ठेवलं आहे. सकाळी शेजारी कुणी नवीन माणूस बसला की ते त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘कळली? ही ओलीची. माउंटिंगची वेगळी असते.’