इंटरनेट लागत नसल्यास (अण्णा घरी असताना)

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सर्वांना खुलं केलं. आमच्या पालमला ते यायला वेळ लागला. आलं तेही फोनच्या तारेतून, आणि आमच्याकडे त्या तारेवर अण्णांची वहिवाट जुनी. सदर मार्गदर्शन त्या काळातल्या अशाच घरांसाठी आहे.

कलम १. आधी रिसीव्हर कानाला लावा. खरखर येत असेल तर मोडेमला शिव्या देण्यात अर्थ नाही. भिंतीवरची डबी उघडा, तारेची हिरवट पडलेली टोकं ब्लेडने खरवडा, स्क्रू आवळा. पावसाळ्यात निम्मी भानगड तिथेच असते.

कलम २. पडद्यावर ६८० आलं तर डायल टोन नाही. ६९१ आलं तर पासवर्ड चुकलाय, कॅप्स लॉक बघा. ६७६ म्हणजे लाइन बिझी; तेवढ्यात जेवून घ्या.

कलम ३. पॅरलल फोन. इथे विस्तार अटळ आहे. दोन्ही फोन एकाच तारेवर असतात आणि मोडेम त्याच तारेवरून आवाजात बोलतो. आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटते. हे अण्णांना तोंडी सांगितल्यास ते "बरं" म्हणतात आणि थोड्या वेळाने उचलतात. कानात किर्र ऐकू आलं की मोडेमलाच "कोन बोलतंय?" विचारतात. जाब विचारल्यास उत्तर ठरलेलं: "चालू हाय का बघत होतो." त्या फोनची पिन काढून ठेवाल तर ते चालत एक्स्चेंजला जाऊन फोन डेड असल्याची तक्रार देऊन येतील. मग लाइनमन येतो, पिन लावतो, चहा घेतो.

खरं कारण आईने सांगितलं. रात्री एसटीडीचे दर उतरले की ताईचा पुण्याहून फोन येतो. लाइन एंगेज लागली तर पोरगी घाबरेल. तेव्हा जेवणानंतर इंटरनेट लावू नये, हे पोटकलम.

कलम ४. मोडेमवर ५६ के छापलेलं असतं. तेवढा वेग कुणाला मिळत नाही. ४० मिळाला तरी एक एमबीला साडेतीन मिनिटं धरा.

कलम ५. वीज कडाडली की पिन काढा. मोडेम जळतो.

बारावीच्या निकालादिवशी मात्र यातलं काहीही करत बसू नका. बैठक क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्या आणि सरळ परभणीची गाडी पकडा.