बिनभांडवली कारखानदार

मोटारीच्या कारखान्याचा मालक म्हटला की, विस्तीर्ण जमीन, परदेशी कंपनीशी करार, कामगार संघटनेशी वितुष्ट आणि सरकारदरबारी अखंड खेटे एवढा तरी सरंजाम त्याच्या पाठीशी असला पाहिजे, अशी आपली समजूत असते. आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, त्या काळी ती समजूत खरीही होती. परंतु अलीकडे कारखानदारांची एक अशी जात उदयाला आली आहे की, जिच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही, मजूर नाहीत आणि पुष्कळदा स्वतःची मोटारही नाही. आहे तो फक्त एक बऱ्यापैकी संगणक, आणि घरातली मंडळी निजल्यानंतरचा निर्वेध वेळ.

आमच्या पुण्यातील इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असा एक कारखानदार राहतो. दिवसा तो एका सहकारी बँकेच्या हिशेबतपासणी खात्यात इतरांच्या जमाखर्चातील तफावती हुडकतो आणि रात्री ‘ऑटोमेशन’ नावाच्या संगणकीय खेळात मोटारी निर्माण करतो. खेळ म्हणताच धावपळ, धडक आणि स्फोट वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असतील, तर ते त्यांनी कृपा करून दूर सारावेत. या खेळात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मुक्रर करावी लागते. व्हॉल्व्ह किती आणि केव्हा उघडावेत, याचा निवाडा करावा लागतो. कॉम्प्रेशन वाढवावे तर इंजिन ठोकू लागते आणि कमी करावे तर पेट्रोल वाया जाते. आणि एवढी यातायात करून पदरात जे पडते, तो असतो एक आलेख. आलेख पाहून ज्याला गहिवरून येते, अशाच गृहस्थाला हा खेळ मानवतो, आणि आमच्या कारखानदाराला तो इतका मानवला आहे की, दिवाळीच्या फराळालाही तो ‘पॉवर कर्व्ह’ जरा वर जाईना, या चिंतेत असतो.

खेळाचा कालपट १९४६ सालापासून सुरू होत असल्याने कारखानदाराची कंपनीही त्याच साली स्थापन झाली आहे. तिला बोधचिन्ह आहे, घोषवाक्य आहे आणि एक सविस्तर इतिहास आहे, ज्यात संस्थापकाचे बालपण, बंधूंमधील कज्जा, एक प्रदीर्घ संप आणि त्या संपाची सन्मान्य तडजोड, असे सर्व काही यथासांग आले आहे. १९५८ सालच्या आगीत कारखान्याचे जुने दप्तर भस्मसात झाले, अशीही त्यात नोंद आहे. तत्पूर्वीची मॉडेले फारशी साधली नव्हती, हे त्या आगीचे कारण मला खाजगीत कळले. प्रीमियरच्या पद्मिनी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या पिढीच्या पोटी जन्मलेल्या या मुलाने परमिट, लायसन्स आणि परकीय चलन या तिन्ही दुर्घट नद्या एका रात्रीत ओलांडल्या, याचे मला मनापासून कौतुक वाटते. फक्त त्याच्या वार्षिक नफ्याचा आकडा ऐकून सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याचे वर्णन मी करणार नाही.

या उद्योगाचा कळसाध्याय म्हणजे दीर्घ पल्ल्याची शर्यत. देशोदेशींचे असे कारखानदार एका नियमावलीबरहुकूम मोटारी घडवतात, मोटारीच्या फाईलबरोबर कितव्या फेरीला पेट्रोल भरायचे आणि कितपत वेगाने दौडायचे याचा लेखी आराखडा आयोजकाकडे रवाना करतात, आणि मग ठरल्या दिवशी संगणक त्या सर्व मोटारी संगणकाच्याच रस्त्यावर संगणकाच्याच हाताने सहा तास पळवतो. शर्यतीत कारखानदाराने करावे असे काहीही नसते, आणि हीच गोष्ट त्याला प्रिय आहे. मोटार चालवण्याची त्याला रत्तीभर हौस नाही. परवाना आहे, पण सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी गाडी घालणे हे त्याच्या मते विचारवंताचे काम नव्हे. वेगाचे त्याला वेड आहे, असे म्हणणेही धाडसाचे होईल. त्याला वेड आहे ते तडजोडीचे. मोटार हलकी करावी तर ती टिकत नाही, टिकाऊ करावी तर जड होते. वळणावर रस्ता घट्ट धरावा म्हणून मागे मोठे पंख लावावेत, तर सरळ रस्त्यावर हवा अडवू लागते, आणि वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजण्यास आठपट शक्ती लागते, हा निसर्गाचा दंडक संगणकातही माफ होत नाही. अशा परस्परविरोधी अर्जदारांच्या गर्दीत, कोणालाच पूर्ण समाधान न देता सर्वांना परत पाठवण्यात जो आनंद आहे, तो कचेरीत आयुष्य घालवलेल्या घराण्यातच रक्तातून उतरतो.

पत्नी शाळेत गणित शिकवतात. घराचे वीजबिलही त्याच भरतात, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने येथेच नमूद करून ठेवतो. एका रात्री दीड वाजता कारखानदाराने त्यांना उठवून विचारले की, इंजिन थोडे मवाळ केले तर पेट्रोल भरण्याचा एक थांबा वाचतो, पण फेरीमागे एक पंचमांश सेकंद जातो, तर काय करावे? त्यांनी डोळे न उघडता विचारले, “फेरी किती मिनिटांची?” “दोन.” “म्हणजे सहा तासांत एकशे ऐंशी फेऱ्या. छत्तीस सेकंद गेले. थांब्याला किती लागतात?” “साठ.” “मग चोवीस सेकंद वाचले. दिवा मालवा.” जो निर्णय घेण्यास त्याला तीन आठवडे लागले होते, तो असा अर्ध्या मिनिटात निकालात निघालेला पाहून कारखानदार कमालीचा खिन्न झाला. निर्णय होण्यापेक्षा निर्णय प्रलंबित राहण्यातच त्याच्या धंद्याची खरी मौज आहे, हे गणिताच्या शिक्षिकेला कोण सांगणार!

पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाच्या बाबतीत मात्र त्याने कोणाचा सल्ला घेतला नाही. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली की दोघांचा हिशेब बिनबाकी मिटतो. अधिक ताकद हवी असेल तर पेट्रोल वाढवावे, आणि काटकसर साधायची असेल, तर पाहुणे वाढल्यावर वरणात पाणी वाढवतात तशी हवा वाढवावी. तो हवा वाढवतच गेला.

वडील मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. मुलाच्या कारखान्याविषयी त्यांनी बरेच दिवस तटस्थ धोरण ठेवले होते. परंतु पेट्रोलच्या बचतीवर म्हणे शर्यत जिंकता येते, हे कानी पडल्यावर त्यांच्या ठायी प्रथमच आस्था उत्पन्न झाली. मुलाने त्यांना १९८२ साली सुरू झालेल्या ‘ग्रुप सी’ या शर्यतीच्या मोटारींच्या वर्गाची कथा सांगितली: मोटारीने शक्ती कितीही काढावी, पण हजार किलोमीटरला पेट्रोल मिळेल ते ६०० लिटर, अशी ती शर्त होती, आणि १९८५ साली तीही घटवून ५१० वर आणली गेली. वडिलांनी बोटांवर हिशेब केला.

“अरे, म्हणजे ॲव्हरेज पावणेदोनसुद्धा पडत नाही!”

“आधी नाही, बाबा. घटवल्यावर दोनच्या आसपास.”

“माझी स्कूटर पंचेचाळीस देत होती. आणि याला तुम्ही काटकसर म्हणता?”

या युक्तिवादाला जागतिक मोटारशर्यतींच्या इतिहासात उत्तर नाही, असे माझे मत आहे.

तरीही त्या इतिहासातील कारखानदाराची दैवते पाहण्यासारखी आहेत. प्यूजो कंपनीतल्याच दोघांनी नोकरी सांभाळून उभ्या केलेल्या एका चमूने १९८८ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत सरळ रस्त्यावर ताशी ४०५ किलोमीटर वेग गाठला. दोन वर्षांनी त्या रस्त्यात वळणे घातली गेल्यामुळे तो उच्चांक आता कोणी मोडेल, असे दिसत नाही. वेग म्हणे याहून किंचित अधिक भरला होता, पण त्याच सुमारास प्यूजोची ४०५ नावाची मोटार बाजारात आली असल्यामुळे ४०५ हाच आकडा जाहीर करणे सर्वांना सोयीचे वाटले. मोटारीने शर्यत मात्र पुरी केली नाही. नोकरी सांभाळून छंद जोपासणारे म्हणून कारखानदाराला हे दोघे जवळचे वाटायला हवेत. पण त्यांचा विषय निघाला की तो किंचित नाक मुरडतो, कारण त्यांनी एकाच आकड्यासाठी बाकी सर्व आकड्यांवर अन्याय केला. त्याची भक्ती तिथल्याच १९८३ सालच्या विजेत्या पोर्शे ९५६ वर आहे. चोवीस तास धावून शेवटच्या फेरीत ती धुरात बुडाली, इंजिनाने राम म्हणण्याची तयारी केली, आणि तशाच अवस्थेत तिने रेषा ओलांडली. तिच्यामागून मिनिटभराच्या अंतराने आलेल्या जोडीदार मोटारीची टाकीही जवळजवळ कोरडी पडली होती. ही हकीकत सांगताना कारखानदाराचा कंठ दाटून येतो. रेषेपलीकडे जिच्यात काहीच शिल्लक उरले नाही, तीच त्याच्या मते निर्दोष मोटार.

आणि इथेच पितापुत्रांचे तत्त्वज्ञान समोरासमोर उभे ठाकते. वडिलांच्या लेखी शिल्लक म्हणजे पुण्य: महिनाअखेर खात्यात, पावसाळ्यापूर्वी कोठीत, आणि प्रवासाहून परतताना टाकीत काहीतरी उरलेच पाहिजे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत मात्र टाकीत उरलेले पेट्रोल म्हणजे न वापरलेला वेग. ते फुकट वाहून नेले, एवढेच नव्हे तर ते वाचवण्यासाठी सहा तास हळू चालावे लागले. काटकसरीच्या पोटात दडलेली ही उधळपट्टी पिढ्यान् पिढ्या शिल्लक टाकत आलेल्या कुळातील माणसाला पचणे फार कठीण. कारखानदाराला ती बुद्धीने पटली आहे, पण हात वळत नाही. आराखडा आयोजकाकडे धाडण्याच्या अखेरच्या क्षणी ‘असू द्यावे थोडे’ म्हणून त्याने दर थांब्याला लिटरभर पेट्रोल जादा लिहिले, आणि वेगाची पातळीही अंमळ खाली आणली. त्याची मोटार तिसरी आली. टाकीत नऊ लिटर उरले होते. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या मोटारीत उरले होते दोन पेलेभर. वडिलांनी हे ऐकून समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, “तिसरा नंबर, वर नऊ लिटर! वाईट काय आहे त्यात?” मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

पुढल्या शर्यतीची नियमावली आली तेव्हा ती प्रथम वडिलांनी वाचली. शासकीय परिपत्रक वाचावे तशी, हाती पेन्सिल घेऊन, तळटीपांसह, मुलाकडून शब्दाशब्दाचा अर्थ वदवून घेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कलम सातवर बोट ठेवले. सहा तास पुरे होण्यापूर्वी रेषा ओलांडली, तर आणखी एक फेरी मारणे भाग होते. परंतु घड्याळाचा काटा आणि मोटारीचे नाक ऐन एकाच क्षणी रेषेवर आले, तर ती वेळ मुदतीच्या आत धरावी की बाहेर, याचा खुलासा नव्हता. वडिलांनी रीतसर अर्ज तयार केला: विषय, संदर्भ, ‘वरील विषयास अनुसरून विनंती की’, आणि खाली ‘आपला विश्वासू’. मुलाने त्याचे भाषांतर करून धाडले. आयोजक हा बेल्जियममधील एक कॉलेजविद्यार्थी. त्याने आठवडाभर विचार केला, कलमात दुरुस्ती केली, आणि कंपनीच्या विधी विभागाचे आभार मानले.

तेव्हापासून कंपनीच्या इतिहासात भर पडली आहे. विधी विभागाची स्थापना १९५२ साली झाल्याचे, आणि त्याचे दप्तर आगीतून आश्चर्यकारक रीतीने बचावल्याचे आता तिथे वाचावयास मिळते. वडील हल्ली सकाळी वर्तमानपत्राआधी कलमे वाचतात. हे सर्व ऐकत भाजी निवडणाऱ्या सौभाग्यवतींनी एकदा सहज विचारले, “आणि अहो, मला कोणतं खातं?”

कारखानदाराने क्षणभर विचार केला आणि अत्यंत गांभीर्याने उत्तर दिले, “उत्पादनखर्च आटोक्यात येईपर्यंत नवीन भरती तहकूब आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग वीजबिलाचा भरणाही तहकूब समजा.”

त्याच संध्याकाळी नेमणुकीचा हुकूम निघाला.