डिसेंबरचा क्लॉक, मे महिन्यातलं कार्ड

गेम मध्येच बंद पडला, स्क्रीन काळी झाली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मार. दुसरा, ड्रायव्हर नवा टाक. तिसरा, कार्डच बदल. क्लॉक किती वाढवला होता आणि कोणत्या महिन्यात, हे मात्र कुणी विचारत नाही. छत्रपती संभाजीनगरात तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

डिसेंबर-जानेवारीत इथं रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पोरगं क्लॉक चढवायचं आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडतं, कोअर क्लॉक दीडशे मेगाहर्ट्झनं चढवतं, मेमरी त्याहून जास्त. बेंचमार्क पास होतो, स्क्रीनशॉट मित्रांना जातो आणि सेटिंग सेव्ह होऊन तसंच राहतं. मग एप्रिल येतो. बाहेर चाळीस-बेचाळीस, आणि गच्चीच्या स्लॅबखालची खोली दुपारी सहज अडतीसवर. हिशेब सोपा आहे. खोलीत 20 अंश असताना 65 वर राहणारं कार्ड खोली 38 झाली की पंख्याच्या त्याच वेगात 83 च्या घरात जातं. सिलिकॉन तापलं की वीज जास्त गळते, आणि तेवढाच क्लॉक टिकवायला त्याला जास्त व्होल्टेज लागतं. एनव्हिडियाची कार्डं तापमान वाढेल तसा क्लॉक स्वतःच पायरीपायरीनं उतरवतात, पण तुम्ही दिलेले दीडशे त्या प्रत्येक पायरीवर बसलेलेच असतात. डिसेंबरात तपासली ती पायरी वेगळी होती. मे महिन्यात कार्ड ज्या पायरीवर उभं आहे, ती कुणी तपासलेलीच नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: मराठवाड्यात ओव्हरक्लॉकची चाचणी मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, खोलीतला कूलर बंद करून घ्यावी. त्यात जे टिकेल तेच खरं.

आता क्रॅश म्हणजे काय ते बघू. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं एक पहारा बसवला आहे. ग्राफिक्स कार्डानं दिलेल्या कामाला दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करतं. स्क्रीन काळी होऊन परत येते ती यामुळे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4101 क्रमांकाची नोंद पडते आणि तिच्यात ड्रायव्हरचं नाव असतं. नोंदीत ज्याचं नाव तोच गुन्हेगार, असं लोक धरून चालतात. पण ड्रायव्हरनं फक्त कार्ड गप्प झाल्याचं कळवलेलं असतं. ते का गप्प झालं, ते त्या ओळीत लिहिलेलं नसतं. रजिस्ट्रीत ती दोन सेकंदांची मुदत वाढवून घेणारेही आहेत. तासन्‌तास रेंडर करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. गेम खेळणाऱ्याच्या पदरात पडतो तो नुसता जास्त वेळ गोठलेला स्क्रीन.

लक्षणं नीट बघितली तर अर्धं काम तिथंच होतं. स्क्रीन काळी होऊन परत आली, गेम तेवढा बंद पडला, तर संशय कोअर क्लॉकवर किंवा व्होल्टेजवर. रंगीत ठिपके, फाटलेले त्रिकोण दिसले तर मेमरीवर. अख्खा पीसीच धाडकन बंद झाला तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायकडे बघा. आणि क्रॅश न होता एफपीएस घसरत असेल, तर ते सगळ्यात फसवं. आरटीएक्स 3080 आणि 3090 वरच्या जीडीडीआर6एक्स मेमरीत चूक पकडून डेटा पुन्हा मागवण्याची सोय आहे. मेमरी जास्त ताणली तरी ती पडत नाही, चुका दुरुस्त करत बसते. आकडा वर गेलेला दिसतो आणि गेम हळू झालेला असतो. मेमरी चढवताना नजर मेगाहर्ट्झवर न ठेवता एफपीएसवर ठेवा.

विजेचा भाग आपल्याकडे सर्रास दुर्लक्षित राहतो. 3080 ला कागदावर 320 वॅट लागतात, पण काही मिलिसेकंदांसाठी तिची भूक त्याच्या कितीतरी वर उसळते. त्या क्षणी हलका एसएमपीएस हात टेकतो. चांगला एसएमपीएस 100 ते 240 व्होल्ट घेतो, त्यामुळे उन्हाळी संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं तरी तो निभावून नेतो. स्वस्तातल्यावर 200 ते 240 छापलेलं असतं; ते स्टिकर वाचायला पैसे पडत नाहीत. घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर गेमिंग पीसी लावू नका, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसशी त्याचं जमेलच असं नाही. 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो, आणि दुकानात सांगितला जातो तो मोठा आकडा. कूलरची मोटर आणि पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर तर अजिबात नको.

कूलरचंही एक आहे. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली थंड करतो आणि त्याचा फायदा कार्डालाही होतो. पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडणं म्हणजे बोर्डावर पाणी आणि क्षार नेऊन घालणं. झोत माणसाकडे ठेवा, कॅबिनेट बाजूला.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे मला सहन होत नाही. उन्हाळ्यात जमीन वाळते तसा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं तिथं खड्ड्याची आठवण कुणाला होणार? धुण्याचं पाणी घाला, पण घाला. त्यानं ड्रायव्हर क्रॅश थांबेल असं मी म्हणत नाही. प्रश्न तिथं खेळणाऱ्या पोराच्या जिवाचा आहे.

ड्रायव्हर कधीच दोषी नसतो, असं मात्र नाही. मार्च 2010 मध्ये एनव्हिडियाचा 196.75 हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यात पंख्याचं नियंत्रणच बिघडत होतं आणि कार्डं तापत होती. सप्टेंबर 2020 मध्ये 3080 बाजारात आली आणि कंपन्यांनीच चढवून दिलेली काही कार्डं 2,000 मेगाहर्ट्झच्या आसपास पडायला लागली. त्याच महिन्यात आलेल्या 456.55 ड्रायव्हरनं बऱ्याच जणांची तक्रार मिटवली. कारखान्यातून आलेला क्लॉकही असा डळमळू शकतो. 2024 चं प्रकरण तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं. गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणत बंद पडायचे, लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या द्यायचे, आणि दोष निघाला इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरात. व्होल्टेज जास्त जात होतं. इंटेलला नवा मायक्रोकोड आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटी द्यावी लागली. तोवर किती निर्दोष कार्डं विकली गेली असतील!

तेव्हा क्रम असा ठेवा. सगळे स्लायडर शून्यावर आणा, रॅमचा वेग चढवणारं एक्सएमपीसुद्धा बंद करा. तरीही क्रॅश होत असेल तरच ड्रायव्हरकडे वळा. डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलनं सेफ मोडमध्ये जुना पूर्ण काढा आणि त्या वेळी इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घालून मोकळं होतं. मग क्लॉक चढवायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट, थोडी थोडी.

खरं तर माझा आग्रह उलट आहे: चढवू नका, व्होल्टेज उतरवा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडतो. 3080 सारखी बरीच कार्डं 0.85 ते 0.9 व्होल्टवर 1,800 च्या वरचा क्लॉक निभावतात. एफपीएस एखाद-दुसरा कमी होतो, खप मात्र कित्येक वॅटनं घटतो आणि कार्ड थंड राहतं. आपल्या हवेला साजेसं ट्यूनिंग हेच आहे.

जुनी कार्डं घेणाऱ्यांसाठी एवढंच: सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि तिथली कार्डं बाजारात उतरली. त्यातल्या आरएक्स 570-580 वर मायनिंगसाठी बदललेला बायोस अजूनही सापडतो. तो मूळचा केल्याशिवाय कितीही ड्रायव्हर टाका, व्यर्थ आहे.

दुकानदार मंडळींनाही माझं मागणं आहे. विद्यापीठाच्या आवारात नाइलिटसारखी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी संस्था असलेल्या या शहरात ‘फॉरमॅट करून दिलं’ एवढंच बिलावर लिहिणं शोभत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय नोंद होती, कोणत्या क्लॉकवर आणि किती व्होल्टेजवर तपासलं, कार्ड किती अंशांपर्यंत गेलं आणि खोलीत किती होते, या चार गोष्टी लिहा. गिऱ्हाइकांनीही त्या लिहून मिळाल्याशिवाय दुरुस्तीचे पैसे देऊ नयेत.