जहाल कसे व्हावे: नवशिक्यांसाठी

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. जहाल होण्यासाठी स्वतःला काहीच करावं लागत नाही. समोरच्यानं तसं म्हटलं की झालात.

हे विशेषण मिरचीचं, विषाचं, फार तर वैद्याच्या एखाद्या मात्रेचं. बंगालच्या फाळणीनंतरच्या धामधुमीत इंग्रजी पत्रांनी ‘एक्स्ट्रीमिस्ट’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांना मराठीत हे चिकटलं. टिळकांची मंडळी स्वतःला ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणवत. पलीकडच्यांनाही ‘मवाळ’ कुठे आवडत होतं? त्यांना ‘नेमस्त’ किंवा ‘प्रागतिक’ चाललं असतं. बारसं शेजाऱ्यांनी केलं आणि तीच नावं टिकली.

साहित्य: एक वही, एक पट्टी. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे मवाळ, उजवीकडे जहाल. ‘फरक स्पष्ट करा’साठी आम्ही शाळेत हेच करायचो. अर्ज-विनंत्या डावीकडे, बहिष्कार उजवीकडे. गुण मिळायचे.

आता भरायला घ्या. १९०६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द कुणी उच्चारला? दादाभाई नौरोजींनी, वयाच्या ८१व्या वर्षी. आणि ते तर डावीकडचे. बरं, उजवीकडे या. १८९१ साली संमतिवयाचं बिल आलं, मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करणारं. एवढ्याशा बदलालाही टिळकांनी कडाडून विरोध केला. म्हणजे सरकारपुढे जहाल असलेला माणूस माजघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकला, आणि त्या बाबतीत जहाल ठरले ते सुधारक. वहीत या माहितीला रकाना नाही. ती मागच्या पानावर लिहा.

टिळकांना स्वतःला या नावाचं फारसं कौतुक नव्हतं. जानेवारी १९०७मध्ये कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं की हे शब्द काळाशी बांधलेले आहेत. कालचे जहाल आज मवाळ झालेत, आजचे उद्या होतील. तेव्हा नवशिक्यांनी घाई करावी, नाहीतर जहाल व्हायच्या आतच मवाळ व्हाल.

प्रात्यक्षिकासाठी सुरत, डिसेंबर १९०७. अधिवेशन खरं नागपूरला व्हायचं होतं, पण तिथे टिळकांचा जोर, म्हणून हलवलेलं. २७ तारखेला टिळक आपली सूचना मांडायला व्यासपीठावर चढले. अध्यक्ष रासबिहारी घोष बोलू देईनात, टिळक उतरेनात. हाताची घडी घालून तसेच उभे. इतक्यात मांडवातून एक जोडा आला. तांबड्या चामड्याचा, टोकदार, तळाला शिशाचे खिळे ठोकलेला, अस्सल मराठी. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर आपटला आणि उसळून फिरोजशहा मेहतांना लागला. एका जोड्यात दोन मवाळ! मग खुर्च्या उडाल्या, लाठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला.

त्या गर्दीत काही जण टिळकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांच्या आड एक माणूस उभा राहिला. नाव गोपाळ कृष्ण गोखले, रकाना डावा. हा प्रसंग वहीत उतरवताना रेघ थोडी वाकडी मारावी लागेल. पट्टी बाजूला ठेवा.