ट्रायपॉड घ्यायचाय गुरुजींना

नांदेडच्या नगीनाघाटावर सुट्टीच्या दिवशी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून सूर्याची वाट बघणारा एक गृहस्थ असतोच. बहुधा तो जिल्हा परिषदेचा गुरुजी असतो, कॅमेरा सेकंडहँड असतो आणि त्याला ट्रायपॉड घ्यायचा असतो. घेतलेला नसतो, घ्यायचा असतो. मुलीसाठी स्थळं बघणारा बाप निदान कधीतरी अक्षता वाटतो.

आमच्या गुरुजींचं बजेट दोन हजार. वजिराबादेतल्या दुकानात शिरले की पहिलं वाक्य, "पंखा पाचवर करा." मग ट्रायपॉडचे तिन्ही पाय पुरते लांबवायचे, वर कॅमेरा चढवायचा, त्याला टिचकी मारायची आणि तो किती वेळ थरथरतो ते मोजायचं. "गोदावरीचं वारं याच्या दुप्पट असतंय," म्हणत मान हलवायची. डब्यावर तीन किलो वजन पेलतो असं लिहिलं असेल तर गुरुजी दीड धरतात. नवरदेवाचा पगारही ते तसाच धरतात. मधला दांडा ओढून उंची दाखवणाऱ्या पोराला ते म्हणतात, "हा वर केला की तिपाईची एकपाई झाली बघ." बोलणं खरं आहे, उंची पायांनी द्यावी, दांड्यानं नव्हे. पण खरं बोलून दुकानदाराचं पोट भरत नाही. पिळून घट्ट करायचे पाय असतील तर घाटावरची वाळू आट्यांत शिरणार, खटक्याचे असतील तर खटका प्लास्टिकचा. कार्बन फायबरचा हलका आणि दणकट, पण त्यासाठी आधी कॅमेरा विकावा लागेल. शेवटी चहा पिऊन, दुकानदाराच्या मुलाला नवोदयच्या परीक्षेचं मार्गदर्शन करून गुरुजी रिकाम्या हातानं बाहेर.

सासुरवाडी लातूरची, म्हणून हाच प्रयोग गंजगोलाईतही होतो. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि गुरुजींना ते सगळे रात्रीच्या दिव्यांसह एका फोटोत हवे आहेत. सोबत फिरणारा मेव्हणा एकदा वैतागून म्हणाला, "दाजी, सोळा रस्ते पालथे घातले, तीन पाय काही मिळंनात."

तोवर काम अडलं होतं म्हणता? छे! जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून, त्यात मेव्हण्याच्या आडतीवरची दोन किलो तूरडाळ भरलेली पिशवी गुरुजींकडे आहे. कठड्यावर ठेवली की कॅमेरा तिच्यात असा रुततो, जसा जावई सासुरवाडीच्या गादीत. सहस्रकुंडच्या धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसायला शटर अर्धा सेकंद तरी उघडं राहावं लागतं, ते या डाळीवरच साधलं. कंधारच्या किल्ल्याचा संध्याकाळचा फोटोही तिच्यावरचाच. माझ्या मते गुरुजींचे चांगले फोटो सगळे डाळीचेच. 2015 साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा वहिनींनी एके रात्री पिशवी उसवली. सकाळी वरण झालं आणि पिशवीत ज्वारी आली. "ज्वारी जरा सरकतीय," एवढीच गुरुजींची तक्रार.

गेल्या भाऊबीजेला मेव्हण्यानंच एक ट्रायपॉड आणून दाजींच्या हातात ठेवला. त्यानंतर गुरुजी पंधरा दिवस उदास होते. घरात लग्न उरकल्यावर वाटतं तसं.

मग एका रविवारी मला घेऊन अर्धापूरकडे निघाले. केळीच्या बागेवरचा सूर्योदय. बांधावर तिपाई उभी केली, वाऱ्यानं ती थरथरू लागली, वजन म्हणून पिशवी लटकवायची तर ज्वारी घरी. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा काठी घेऊन तरातरा येताना दिसला, मागं दोन पोरं. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाची आखणी या भागातून झाली तेव्हापासून रानात कुणी तीन पायांवर काही उभं केलं की लोकांना एकच सुचतं.

"काय मोजू लालाव? कुणाला इचारून आलाव?"

"मामा, मोजणी नाही, फोटो..."

"समदे आधी असंच म्हणतेत." म्हाताऱ्यानं काठी टाकली आणि तिपाई उपटायला तिचे दोन पाय दोन्ही मुठींत घट्ट आवळले.

गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं. थरथर थांबली होती.

"मामा," ते हळूच म्हणाले, "दोन सेकंद असंच धरा. हलू नका."