आखेनमध्ये बसावं कुठं?

कुठलंही गाव जोखायची माझी पद्धत साधी आहे. किती पैशांत किती वेळ बसू देतात, एवढंच बघायचं. इतिहास, हवापाणी, वास्तुकला वगैरे नंतर. पुण्यामुंबईच्या इराण्यांनी आपल्या आजोबांना एका चहावर अर्धा दिवस बसू दिलं, त्या बसण्यातून नाटकं निघाली, मासिकं निघाली, काही लग्नंही ठरली. चहा-बनमस्क्याचं बिल किती झालं हे कुणाच्याच आत्मचरित्रात नाही.

आखेन हे जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सला खेटून असलेलं गाव. इथलं तंत्रविद्यापीठ 1870 सालचं. महाराष्ट्रात ज्या घरात मेकॅनिकलचा इंजिनिअर जन्माला आला त्या घरात आखेनचं नाव कधी ना कधी निघतंच, आणि मग कर्ज निघतं. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता आपलीच मंडळी सर्वांत जास्त. आमच्या खोल्यांत मी कराडचा, शिवाय एक कोल्हापूरकर आणि एक नागपूरकर. तिघांत मिळून एक कुकर. मागून येणाऱ्यांच्या सोयीसाठी आम्ही या गावाची बसण्याच्या दृष्टीनं पाहणी केली, तिचा हा गोषवारा.

सर्वांत मानाची बैठक कॅथेड्रलमध्ये आहे. सम्राट शार्लमेन 814 साली इथंच वारला, त्याच्या नावचं संगमरवरी सिंहासन अजून वरच्या माडीवर आहे. पुढं सुमारे सहाशे वर्षं जर्मन राजे राज्याभिषेक झाला की त्यावर टेकायचे. आता कुणालाच टेकू देत नाहीत. खाली बाकं आहेत, ती फुकट आहेत, पण तिथं मोठ्यानं बोलता येत नाही. म्हणजे आमच्या कामाचं नाही.

तिथून चार पावलांवर एलिझेनब्रुनेन. खांबांची लांबलचक गोरी इमारत, 1827 सालची, आणि तिच्यात नळाला येणारं गंधकाचं कढत पाणी. वास सडक्या अंड्याचा. जर्मन पर्यटक नाकाला रुमाल लावून फोटो काढतात. कोल्हापूरकरानं मात्र डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "वज्रेश्वरी!" लहानपणी आजीबरोबर तिथल्या कुंडात बसला होता म्हणे. या पाण्यासाठी कोण कोण आलं त्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत. त्यात रशियाचा झार पीटर आहे आणि कासानोव्हाही आहे. नळावर मात्र पाटी: हे पिण्याचं पाणी नाही. रोमन लोकांपासून ज्या पाण्यावर गाव पोसलं तेच आता औषधाच्या नियमात अडकलं. औषधी पाण्याच्या गावांना इथं नावाआधी 'बाड' लावता येतं. आखेनला तो हक्क आहे, पण गाव लावत नाही. कारण, म्हणतात, 'बाड' लावलं तर वर्णानुक्रमात पहिला नंबर जाईल. हजेरीपटात पहिलं असण्याचा हा सोस बघून मला या गावाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आता दुकानं. जर्मन किराणा दुकानात बसलेली व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे कॅशियर. आपल्याकडे त्या पोरी दिवसभर उभ्या असतात, इथं त्या खुर्चीत बसून आपल्याला पळवतात. तुम्ही पट्ट्यावर सामान मांडायचं, मागच्या गिऱ्हाइकासाठी सामानाच्या शेवटी प्लास्टिकची तिकोनी कांडी ठेवायची. ती ठेवली नाही तर मागची आजी आपल्याकडे असं बघते की आपण तिचा बांध कोरला. मग 'पीप पीप पीप', आणि पिठाची पिशवी, टोमॅटो, दही असं सगळं एकमेकांच्या अंगावर कोसळत येतं. पिशवीत भरायला वेळ नाही. माल परत ढकलगाडीत लोटायचा, पैसे द्यायचे आणि बाजूच्या फळीवर जाऊन सावकाश संसार आवरायचा. नागपूरकर पहिल्या महिन्यात प्रत्येक वेळी अंडी सर्वांत खाली घालायचा. "हे काय होऊन राहिलं बे," एवढंच म्हणायचा.

बसू देणारं दुकान एकच सापडलं. एका श्रीलंकन तमिळ काकांचं. तांदळाच्या पोत्यांशेजारी एक स्टूल आहे. तूरडाळ आणि पारले-जी घेतलं की त्यावर बसायला आडकाठी नाही. कढीपत्ता एवढ्याशा पुडीत मिळतो आणि तिची किंमत ऐकून आम्ही पानं मोजून फोडणीत टाकतो. काकांना मराठी येत नाही, आम्हाला तमिळ येत नाही, जर्मन दोघांनाही जेमतेम. गप्पा क्रिकेटवर चालतात, कारण त्यात आकडे पुरतात.

गावाची खास वस्तू म्हणजे प्रिंटेन. गूळ-मसाल्याच्या वळणावर जाणारी ही बिस्किटं दालचिनी आणि बडीशेपेच्या वासाची असतात. नेपोलियनच्या नाकेबंदीत उसाची साखर येईना, तेव्हा बीटाचा पाक घालायला लागले, तोच पुढं रूढ झाला. नरम प्रकारही मिळतो, पण अस्सल आखेनकर कडक प्रिंटेनच खरी मानतो. ती दातांनी न चावता गालात ठेवून वाट बघायची असते. इथली माणसं ती कुटून मांसाच्या रश्शात दाटपणासाठी घालतात, ते मला सर्वांत पटलं. विद्यार्थ्यानं सबंध प्रिंटेन घेऊ नये. मोडके तुकडे पिशवीत भरून स्वस्त विकतात. चॉकलेटच्या कारखान्याच्या दुकानातही तीच सोय. आम्ही घरी धाडलेल्या भेटीच्या डब्यात अखंड असं काही नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "पार्सलवाल्यांनी पार चुरा केला बघ." आम्ही पार्सलवाल्यांना दोन शब्द बोलून घेतले.

मद्यगृहांकडे वळू. पोंटस्ट्रासे ही विद्यार्थ्यांची गल्ली. बाजारचौकापासून निघते आणि जुन्या तटाच्या दगडी वेशीशी संपते, मधे दोन्ही बाजूंना पिण्याखाण्याची सोय. इथं बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षापासून चालते, कडक दारू अठराव्यापासून. कोल्हापूरकर सज्ञान असूनही पहिल्या घोटाला त्यानं खिडकीबाहेर ओळखीचं कुणी नाही ना हे बघून घेतलं. वेटर गल्लास ठेवतो तो पुठ्ठ्याच्या चकतीवर, आणि त्या चकतीच्या कडेला पेन्सिलीनं एक रेघ मारतो. दुसरा गल्लास, दुसरी रेघ. हीच खातेवही. तुमचं कर्ज तुमच्याच हाताखाली असतं, आणि चकती हरवली तर वेटरच्या चेहऱ्यावरचं हसू हरवतं. आमच्या टेबलावर रेघा इतक्या विरळ असायच्या की त्याला पेन्सिलीला टोक करायची गरज कधी पडली नसेल. तरी त्यानं उठवलं नाही. इराण्यानंतर हा पहिलाच.

पाणी मागू नये. साधं पाणी फुकट देत नाहीत आणि बाटलीचं पाणी महाग. पण बिनदारूचं निदान एक पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असू नये असा इथं कायदाच आहे. कुणा गुरुजींनी केला असणार. बिल मागितलं की वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं? आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा माणूस गावातून उठला असता. नागपूरकरानं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा सवयीनं पाकिटावर हात घालून "मी देतो, मी देतो" सुरू केलं. टेबलावरचे तिघं जर्मन शांतपणे म्हणाले, बरं. आपल्या बाजूनं समोरचा ओढाताण करतो या भरवशावरच ते वाक्य तयार झालेलं असतं, हे त्यांना कोण सांगणार? त्या महिन्यात आम्ही डाळ पातळ केली.

करमणुकीत गरम पाण्याच्या स्नानगृहाचा अनुभव कोल्हापूरकराचा आहे, मी फक्त ऐकलेलं लिहितो. तालमीत वाढलेला गडी. सौना म्हणजे घाम काढायची खोली एवढं वाचून गेला, अंगात चड्डी. आत बायका-पुरुष एकत्र आणि कुणाच्याच अंगावर सूत नाही. एका सत्तरीच्या बाईंनी त्याला खडसावलं. त्याला वाटलं कुणी तरी लाज राखायला सांगतंय. पण बाईंचं म्हणणं उलटंच होतं: चड्डी काढ, आणि टॉवेल अंथरून बस, लाकडाला घाम लागता कामा नये. म्हणजे माणूस उघडा चालतो, बाकडं उघडं चालत नाही. "भावा," तो परत येऊन म्हणाला, "लंगोटाला पण बंदी हाय." बसायला दर चढा आणि बसणं अवघड. पुन्हा कुणी गेलं नाही.

फुकटात सर्वांत उत्तम बैठक लाउसबर्ग टेकडीवर. गोष्ट अशी सांगतात की कॅथेड्रल बांधायला सैतानानं पैसे दिले, बदल्यात पहिल्या आत जाणाऱ्याचा आत्मा मागितला, गावकऱ्यांनी लांडगा आत सोडला. चिडलेला सैतान गाव गाडायला समुद्रावरून वाळूची पोती घेऊन निघाला. वाटेत एका म्हातारीला विचारलं, आखेन किती लांब? तिनं ओळखलं. झिजलेली पायताणं दाखवून म्हणाली, गावातून निघाले तेव्हा नवी कोरी होती. सैतानानं हाय खाऊन वाळू तिथंच ओतली, तीच ही टेकडी. भाव कसा पाडावा हे मंडईतल्या कुठल्याही मावशीनं या म्हातारीकडून शिकावं, किंवा हिनं मावशीकडून. संध्याकाळी पोरं दुकानातल्या बाटल्या घेऊन वर येतात. एक आजोबा पिशवी घेऊन फिरतात, बाटली रिकामी व्हायची अदबीनं वाट बघतात. काचेच्या बिअरबाटलीला आठ सेंट, एकदाच वापरायच्या प्लास्टिकला आणि डब्याला पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातलं यंत्र बाटली गिळून चिठ्ठी देतं. आजोबांसाठी बाटली कचरापेटीच्या आत न टाकता बाजूला ठेवायची रीत आहे. नागपूरकर आठ सेंटच्या ठेवतो, पंचवीसवाल्या घरी आणतो.

राहिला रविवार. रविवारी दुकानं बंद. 1919 च्या राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं ठेवलंय. रविवारी काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायलाही बंदी, आवाज होतो म्हणून. शनिवारी रात्री ज्याच्या घरात कांदा नाही त्याची फोडणी थेट सोमवारी. यावर उतारा म्हणजे परदेश. आखेनची शहरबस सरळ नेदरलँड्समधल्या फाल्स गावात जाते, आणि तिथं रविवारी दुकानं उघडी असतात. कोथिंबिरीसाठी देश ओलांडतो असं आम्ही घरी सांगितलं तेव्हा बाबांना व्हिसाची काळजी लागली.

फाल्सच्या वर टेकडी आहे, 322 मीटरची. युरोपातल्या डच भूमीवरचं हे सर्वोच्च शिखर, आणि डच तिला पर्वत म्हणतात. घामाघूम सायकलवाले वर पोचले की एकमेकांना टाळ्या देतात. कळसूबाई 1646 मीटर आहे हे मी तिथं कुणाला बोललो नाही, अतिथीधर्म असतो. माथ्यावर तीन देशांच्या सीमा भेटतात. पूर्वी चार भेटत. मोरेस्नेट नावाची एक जस्ताच्या खाणीची चिंचोळी पट्टी 1816 पासून सुमारे शंभर वर्षं कुणा एकाची नव्हती, कारण खाण कुणी घ्यायची यावर मोठ्या राज्यांचं एकमत होईना. 1903 साली तिथं जुगारघर काढायचाही घाट घातला गेला. कोल्हापूरकर तिथल्या सीमास्तंभाभोवती फिरून आला आणि म्हणाला, असली जागा आपल्या ताब्यात पाहिजे होती, रविवारी हॉटेल टाकलं असतं.

एकच गोची आहे. फाल्समध्ये घेतलेल्या बाटलीची अनामत जर्मन यंत्र देत नाही. आत घेतं, हुंगतं, परत थुंकतं. त्यामुळं आमच्या खिडकीत डच बाटल्यांची रांग लागली आहे. येत्या रविवारी त्या परत करायच्या, त्या पैशांत कोथिंबीर घ्यायची असं ठरलंय. नागपूरकराचा हिशेब असा आहे की बस चुकली नाही आणि तहान लागली नाही, तर आपण फायद्यात राहू.